यंत्राचे वंगण : निवड कोणाची?

बैलगाडीच्या काळी दूरच्या वाटेला निघालेला गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीला अडकविल्याशिवाय घर सोडीत नसे. आस कोरडा पडला की चाक कुरकुरे आणि ती कुरकुर ऐकून गाडीवान वेळीच सावध होई. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे वंगण लोखंडी पेटीच्या आत दडलेले असते. ते चुकीचे असले तरी यंत्र काही दिवस मुकाट्याने चालते आणि कुरकुर कानी येते तेव्हा नुकसान बहुधा होऊन गेलेले असते.

असे असूनही गावोगावी दिसणारे दृश्य एकच आहे. ट्रॅक्टरचा चालक दुकानात जातो आणि "एक डबा ऑइल द्या" एवढेच सांगतो. कोणते तेल, ते यंत्राच्या कोणत्या भागासाठी, हे दुकानदार ठरवितो. आणि दुकानदाराजवळ जे शिल्लक असेल, तेच पुष्कळदा योग्य ठरते. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल वाचल्याशिवाय पैसे न मोजणारा शेतकरी, कर्ज काढून घेतलेल्या यंत्राच्या तेलाचा डबा मात्र न वाचताच घरी आणतो. ही रीत बदलली पाहिजे. तेलाची निवड हा यंत्रमालकाचा हक्क आहे आणि त्याचे कर्तव्यही आहे. ती निवड करण्याइतके ज्ञान त्याला सहज मिळण्यासारखे आहे.

डब्यावरचे अंक व अक्षरे

इंजिनातील तेल घर्षण कमी करते, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, गंज रोखते आणि डिझेलच्या ज्वलनाने निर्माण होणारी काजळी स्वतःत धरून ठेवते. म्हणून डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच तासांत काळे पडते. हा काळेपणा तेल वाईट असल्याचा पुरावा नव्हे. उलट ते इंजिन धुण्याचे आपले काम करीत असल्याची ती खूण आहे. रंग पाहून किंवा चिमटीत चोळून तेलाची पारख करू पाहणारा म्हणूनच फसतो.

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे अंक असतात. डब्ल्यू हे हिवाळ्याचे अक्षर आहे. त्यामागचा अंक जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही राहते व इंजिन सुरू होताच वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते. पुढचा ४० हा अंक तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. याखेरीज तेलाची योग्यता दाखविणारी एपीआयची अक्षरे असतात. 'एस'ने आरंभ होणारी प्रत पेट्रोल इंजिनासाठी व 'सी'ने आरंभ होणारी डिझेल इंजिनासाठी होय. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ या डिझेल तेलाच्या उत्तरोत्तर सुधारलेल्या प्रती आहेत. पुस्तिकेत सीएफ-४ सांगितले असता सीआय-४ घातल्यास सहसा अडचण येत नाही. परंतु सीएच-४ मागणाऱ्या इंजिनात जुन्या प्रतीचे तेल स्वस्त म्हणून घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

गिअरपेटीचे गणित वेगळे

सर्वांत मोठा घोटाळा गिअरपेटीच्या तेलाबाबत होतो. इंजिनाचे तेल ४० क्रमांकाचे आणि गिअरचे ९० क्रमांकाचे, तेव्हा दुसरे पहिल्याच्या दुपटीहून दाट असले पाहिजे, असा हिशेब सहज मांडला जातो. तो चुकीचा आहे, कारण हे दोन्ही अंक वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरचे आहेत. १०० अंश सेल्सिअस तापमानाला ४० क्रमांकाच्या इंजिन तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतो, तर आजच्या मानकाप्रमाणे ९० क्रमांकाच्या गिअर तेलाचा १३.५ ते १८.५. दाटपणात दोघे शेजारीच बसतात. खरा भेद आहे तो त्यांत मिसळलेल्या रासायनिक द्रव्यांचा. गिअरचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. तो दाब सोसण्यासाठी गिअर तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे घातलेली असतात. जीएल-५ प्रतीत त्यांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा अधिक असते. म्हणून जीएल-५ नेहमीच श्रेष्ठ, असे मात्र नाही. त्यातील काही तेले गिअरपेटीतील पितळी भागांना अपाय करू शकतात. जेथे जीएल-४ सांगितले आहे, तेथे जीएल-४ च घालणे शहाणपणाचे.

तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरांबाबत तर विशेष दक्षता हवी. अशा ट्रॅक्टरांत बहुधा एकाच पेटीतील तेल गिअरला वंगण देते, ब्रेकच्या तबकड्या थंड ठेवते आणि हायड्रॉलिक लिफ्टही उचलते. या तिहेरी कामासाठी युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल, म्हणजेच यूटीटीओ, हे खास तेल बनविलेले असते. ब्रेकच्या तबकड्यांना नेमकी पकड मिळावी, अशी त्याची घडण असते. तेथे साधे ९० क्रमांकाचे तेल ओतले तर ब्रेक कर्कश आवाज करतात, धक्के देतात किंवा पुरेसे धरत नाहीत. उसाने भरलेली ट्रॉली ओढीत उतारावरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा ब्रेक अपुरा पडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तेलाची निवड ही येथे काटकसरीची बाब राहत नाही. चालकाच्या व वाटसरूंच्या प्राणांशी तिची गाठ पडते.

हाच न्याय मोटारसायकलीलाही लागू आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच यांना एकच तेल पुरते आणि क्लच त्या तेलात भिजलेला असतो. घर्षण फार कमी करणारे मोटारगाडीचे तेल तेथे घातले तर क्लच घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलीच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहावी लागते.

आक्षेप व उत्तर

"वडिलांनी एकच तेल सगळीकडे घातले, तरी ट्रॅक्टर वीस वर्षे चालला," असे कोणी म्हणतील. त्यात तथ्य असू शकेल; पण वडिलांच्या ट्रॅक्टरचे ब्रेक कदाचित कोरडे होते आणि इंजिनाची घडण वेगळी होती. यंत्र बदलले की त्याचा आहारही बदलतो. इंजिन, गिअर व हायड्रॉलिक या सर्वांना चालणारे एसटीओयू नावाचे तेल आजही मिळते. परंतु यंत्राच्या पुस्तिकेने ते मान्य केले असेल तरच वापरावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. सर्वांत महाग तेल घ्या, असे येथे मुळीच सुचविलेले नाही. योग्य प्रतीचे मध्यम किमतीचे तेल वेळेवर बदलणे, हे अत्यंत महाग तेल दुप्पट दिवस चालविण्यापेक्षा केव्हाही हिताचे. इंजिन जाम झाले तर दुरुस्तीचा खर्च होतोच. शिवाय वापसा आलेली जमीन यंत्रासाठी थांबत नाही. पेरणीचा हुकलेला आठवडा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

यंत्र कोठे राबते, हेही पाहिले पाहिजे. कोकणात व भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणी करताना झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते आणि तेल ताकासारखे पांढुरके होते. असे तेल, मुदत उरली असली तरी, तत्काळ काढून टाकावे व सील बदलावे. इंजिनातील तेलाची पातळी न भरता वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल तेलात उतरत आहे असे समजून कारागिराला दाखवावे. पातळी पाहायची ती यंत्र सपाट जागी उभे करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी. तेल मोजपट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेच्या वर भरलेले तेल फेसाळते आणि अपायच करते.

काय करता येईल

यासाठी खर्चाची योजना नको. तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक ट्रॅक्टरच्या मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने तीन ओळी लिहाव्यात : इंजिनाचे तेल कोणते, गिअरपेटीचे कोणते व प्रत्येक किती तासांनी बदलायचे. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल बहुधा ५० तासांनी बदलावे लागते. पुढे पुष्कळ ट्रॅक्टरांत इंजिनाचे तेल २५० तासांनी बदलतात. परंतु अंतिम शब्द त्या यंत्राच्या पुस्तिकेचा मानावा. भाड्याने जाणाऱ्या यंत्रावर रोज नवा चालक बसतो; तेथे या तीन ओळींचे मोल अधिकच आहे. दुसरी, तासमापकाचा आकडा व तेल बदलल्याची तारीख यांची नोंदवही ठेवावी. तिसरी, पुस्तिका मराठीत मिळावी असा आग्रह यंत्र घेतानाच विक्रेत्याजवळ धरावा. जी पुस्तिका मालकाला वाचता येत नाही, ती कपाटातील शोभा होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वीच्या सभेत बियाणे व खते यांबरोबर तेलाच्या डब्यालाही अर्धा तास द्यावा. दोन रिकामे डबे समोर ठेवून त्यांवरील अक्षरे सर्वांकडून वाचवून घेतली, तरी पुष्कळ काम होईल. काढलेले काळे तेल ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, हेही त्याच वेळी सांगावे. ते कायद्याने घातक टाकाऊ पदार्थ ठरलेले आहे आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे. गाळून पुन्हा डब्यात भरलेले तेल स्वस्त मिळते म्हणून कोणी घेऊ नये, यासाठी नव्या डब्याचे सील पाहून घ्यावे व पावती मागावी.

बैलाला काय चारावे, हे शेतकऱ्याने कधी पेंड विकणाऱ्याला ठरवू दिले नाही. यंत्राच्या बाबतीतही तोच बाणा त्याने ठेवावा.