शिक्षकांचें शिक्षण व विद्यार्थ्यांची कसोटी

वर्षअखेर हिशेब मांडतांना दुकानांत किती माल आला एवढेंच लिहून कोणीहि शहाणा व्यापारी स्वस्थ बसत नाहीं. किती खपला, किती नासला आणि गांठीस काय उरलें, हें तो पाहतो. मग विज्ञानशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा हिशेब मात्र केवळ आवक मोजून कां पुरा व्हावा, असा आमचा सरळ प्रश्न आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक उन्नतीसाठीं दरसाल निदान ५० तासांची अपेक्षा ठेविली आहे. ही अपेक्षा स्तुत्य होय. परंतु तास हें साधन आहे, साध्य नव्हे. हजेरीपटावर सही झाली म्हणजे शिक्षक तयार झाला असें मानणें म्हणजे औषधाची बाटली घरीं आणली कीं रोग हटला असें मानण्यासारखेंच आहे. चुंबकाचे गुणधर्म घडाघडा लिहिणाऱ्या मुलाच्या हातीं चुंबक व दोरा दिला, तर त्याचा उत्तर ध्रुव तो शोधूं शकतो काय? प्रशिक्षणाची खरी परीक्षा येथें आहे.

हें मनोराज्य नव्हे. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं असा उपक्रम आरंभिला. १९७८ पासून तो सर्व जिल्ह्यांत पसरला व १९८२ त स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनें तो पुढें चालविला. तेथें शिक्षकांस नुसतीं व्याख्यानें ऐकवीत नसत. मुलांनीं करावयाचे प्रयोग त्यांनीं आधीं स्वतः करावयाचे, चुकावयाचें आणि चुकीचें कारण शोधावयाचें. उन्हाळी वर्ग संपल्यावरहि मासिक बैठकींत ते आपल्या अडचणी मांडीत. मुख्य गोष्ट ही कीं, परीक्षाहि बदलली: मुलांनीं पुस्तक उघडें ठेवून उत्तरें लिहावयाचीं आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावयाचे. यामुळें शिक्षकाची तयारी मुलाच्या कामांत पडताळून पाहण्याची सोय झाली. २००२ सालीं सरकारनें हा उपक्रम बंद केला.

अशा पद्धतीनें अभ्यासक्रम मागें पडतो व मुलें स्पर्धेंत टिकत नाहींत, असा आक्षेप घेतात. वेळ अधिक लागतो हें आम्हांस मान्य आहे. परंतु पाठांतराच्या परीक्षेनें प्रयोगाची पारख करणें म्हणजे तराजूनें कापड मोजणें होय. तसेंच, जेथें साहित्याचें कपाट रिकामें आणि वर्ग गच्च भरलेला, तेथील अपयशाचा सर्व दोष शिक्षकाच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. मोजमाप हवें तें शिक्षा करण्यासाठीं नव्हे, उणीव कोठें आहे हें कळण्यासाठीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. या सभासदांनीं गणवेश व रंगरंगोटी यांपलीकडे जाऊन विचारावें: या महिन्यांत मुलांनीं स्वहस्तें कोणता प्रयोग केला? प्रशिक्षणाहून परतल्यावर वर्गांत काय पालटलें? शिक्षकास त्यासाठीं काय कमी पडतें? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण शिक्षकांस लावण्यांत आपण मोठे तत्पर असतों. परंतु आडांत पाणी आहे कीं नाहीं, हें पोहरा आंत सोडल्यावांचून कळत नाहीं.