पाच रुपयांचे पाकीट, बंद झालेले अंडे आणि आपल्या मुलांचे हृदय

कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीतला, पोट सुटलेला, खुर्चीत बसून काम करणारा माणूस येतो. पाच-सात वर्षांचे मूल येत नाही. वस्तीतले हडकुळे मूल तर मुळीच नाही. हा समज आता सोडून द्यावा लागेल.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या ‘चिल्ड्रन इन इंडिया २०२५’ या अहवालानुसार देशातील ५ ते ९ वयोगटातील एक तृतीयांशाहून अधिक मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, प्रमाणापेक्षा जास्त आहे. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ६७ टक्के आहे, तर महाराष्ट्रात सुमारे १९ टक्के. आपले राज्य कमी प्रमाण असलेल्या राज्यांत मोडते खरे, पण म्हणजे तरी पाचातले जवळपास एक मूल. शिवाय हे आकडे २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातले आहेत. तेव्हाची ही मुले आज हायस्कूल आणि कॉलेजात आहेत. त्यांच्या रक्ताचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले?

याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची कुपोषणामुळे खुंटलेली आढळली. एकीकडे कुपोषण, दुसरीकडे रक्तात चरबी. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. वजन कमी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे उपाशी आईचे बाळ दिसायला बारीक असले तरी चरबी साठवण्याची सवय घेऊनच जन्माला येते. अशा मुलाच्या हातात पुढे काय पडते? नाक्यावरच्या टपरीवरचे पाच रुपयांचे पाकीट: मैदा, साखर, मीठ आणि पामतेल. जास्तीची साखर आणि मैदा यकृतात जाऊन ट्रायग्लिसराइड बनतात. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचायला लहानपणीच सुरुवात होते. झटका तिशी-चाळिशीत येतो.

मजुरीला गेलेली आई मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवते, तो तिचा दोष नाही. तेवढ्या पैशात पोट भरल्यासारखे वाटणारे दुसरे काही बाजारात मिळत नाही. म्हणूनच हा प्रश्न घरातल्या शिस्तीपेक्षा धोरणाचा आहे, असे आम्ही मानतो.

धोरण काय सांगते? अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, साखर व मिठाचे पदार्थ विकायला मनाई आहे. आपल्या भागातल्या शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून बघा, नियम कुठे दिसतो ते. दुसरीकडे, राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. काही धार्मिक गटांनी त्याला विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला आणि हवे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. ज्या गावात पालकच मजूर आहेत, तिथे लोकसहभाग कुठून येणार?

अंड्यात कोलेस्टेरॉल असते, मग ते मुलांना कशाला, असा युक्तिवादही कानावर येतो. बहुतेक मुलांमध्ये रक्तातले कोलेस्टेरॉल अंड्यापेक्षा संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅटमुळे अधिक वाढते. बारीक मुलाला स्नायू बांधायला प्रथिने लागतात. ती काढून घ्यायची आणि पाकीट मोकळे सोडायचे, हा उलटा न्याय आहे.

आणखी एक बाब. काही घरांत वाईट कोलेस्टेरॉल आनुवंशिक असते. साधारण अडीचशे जणांत एकाला हा दोष असतो आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. अशी मुले बारीक असतात, खेळतात, कोणतेही लक्षण दाखवत नाहीत. घरात पुरुषाला ५५ च्या आत किंवा स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर त्या घरातल्या मुलांची लिपिड प्रोफाइल तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, कोलेस्टेरॉल नाही. निदान अशा जोखमीच्या मुलांची तपासणी त्यात मोफत व्हावी, ही मागणी लावून धरली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत शिरावे, ५० मीटरच्या नियमासाठी लेखी तक्रार द्यावी, अंड्याचा निधी पुन्हा सुरू करण्यासाठी निवेदने द्यावीत. आणि सुरुवात स्वतःपासून करावी: विहारातल्या बालवर्गात आणि जयंतीच्या मिरवणुकीत मुलांना सरबताची बाटली व वेफर्स वाटण्याऐवजी शेंगदाणे, चणे, केळी, उकडलेली अंडी द्यावीत. खर्च फारसा वाढणार नाही. मुलांच्या शिक्षणासाठी आपण लढलो; शिकलेले पोर चाळिशीत छातीला हात लावून कोसळणार असेल, तर ती लढाई अर्धीच राहिली.