स्कुबा : प्रमाणपत्र मिळाले, कौशल्याचे काय?

दिवाळीच्या सुट्या लागल्या की नागपूरकर पर्यटकांची पावले मालवण-तारकर्लीकडे वळतात. परतताना अनेकांच्या मोबाइलमध्ये माशांच्या घोळक्यातील छायाचित्र असते आणि 'आम्ही स्कुबा केले' असे कौतुकाने सांगितले जाते. अनुभव सुखद असतो, यात शंका नाही. परंतु त्यात किती खोल जायचे, केव्हा वर यायचे हे सारे सोबतचा पाणबुड्याच ठरवीत असतो. याला सहल म्हणता येईल, प्रशिक्षण नव्हे.

प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर' हा अभ्यासक्रम. 'पाडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार त्यासाठी २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे आवश्यक असते. सिद्धान्त, तलावातील सराव आणि खुल्या पाण्यातील चार बुड्या पूर्ण केल्यावर १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत स्कुबा प्रशिक्षण संस्था उभारल्याने हे शिक्षण राज्यातच उपलब्ध झाले आहे.

खरी गफलत यानंतर होते. अनेक जण लगेच ३० मीटरची परवानगी देणाऱ्या पुढील अभ्यासक्रमाकडे धाव घेतात. खोली वाढली म्हणजे कौशल्य वाढले, हा समज चुकीचा आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि ३० मीटरवर चौपट. तेवढ्याच प्रमाणात नळकांड्यातील हवा लवकर संपते. घाबरून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातील हवा प्रसरण पावते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून ना बुडता, ना वर उसळता पाण्यात स्थिर राहणे, संथ श्वसन आणि जोडीदाराकडे लक्ष ही तीन कौशल्ये आधी पक्की व्हायला हवीत. तरंगण्यावरील नियंत्रण शिकविणारा 'पीक परफॉर्मन्स बॉयन्सी' आणि संकटातील सोबत्याला सावरायला शिकविणारा 'रेस्क्यू डायव्हर' हे अभ्यासक्रम त्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत.

प्रवेश घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील? दमा, हृदयविकार यांची चौकशी केली जाते का? नौकेवर प्राणवायूची सोय आहे का? सारे काही दोन दिवसांत उरकण्याचे आश्वासन मिळत असेल, तर सावध व्हावे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. धोका केवळ पाण्याखालीच नसतो, हा त्याचा धडा.

नागपूरकरांसाठी आणखी एक मुद्दा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि ३०० मीटरच्या वरच्या जलाशयात बुडी मारताना वेगळी गणिते लागू होतात. शिवाय धरणातील गढूळ पाणी, झाडांची खोडे, जाळी यांची सवय स्वच्छ समुद्रात होत नाही. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून आठ जणांचा बळी गेला. अशा प्रसंगी हौशी प्रमाणपत्राच्या जोरावर पाण्यात उतरणे म्हणजे बळींची संख्या वाढविणे होय. शोधकार्य हे आपत्ती प्रतिसाद दलांचेच काम आहे.

तथापि, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी ज्या शहरात आहे, तेथे सामान्य नागरिकासाठी जलसुरक्षेचे नियमित वर्ग असू नयेत, हे पटणारे नाही. सिद्धान्त आणि तलावातील सराव नागपुरात व उरलेल्या बुड्या समुद्रात, अशी विभागणी करता येते. महापालिका आणि जलतरण संघटनांनी पुढाकार घेतल्यास खर्चही आटोक्यात येईल. समुद्र दूर आहे, ही सबब आता पुरेशी नाही. पाणी तर आपल्या अगदी जवळ आहे.