वकिलीला लाथ मारली म्हणे!

गेल्या महिन्यात गावच्या वाचनालयात महादेवभाई देसाईंवर व्याख्यान होते. वक्ते रंगात आले आणि म्हणाले, "महादेवभाईंनी वकिलीला लाथ मारली व देशसेवा पत्करली!" टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारचा कानाशी येऊन विचारतो, "कितें रे, न्हिदला?"

झोपलो नव्हतो, मला राग आला होता. ही 'लाथ' मी शाळेपासून ऐकतो आहे.

महादेवभाई सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचे, शाळामास्तरांचे चिरंजीव, जन्म १८९२चा. सुरतेत शाळा, मुंबईत एल्फिन्स्टन, मग एलएल.बी. १९१४च्या सुमारास त्यांनी नरहरी परीख या मित्राबरोबर वकिली थाटली. दोन तरुण वकील, अशिले बेताचीच. दुकान काही चालले नाही. नरहरीभाई आश्रमात शिकवायला गेले, १९१७ साली महादेवभाईही गांधीजींकडे गेले. 'वकिली फसली' एवढे सांगून लोक पान उलटतात.

पण पुढे बघा. १९२७ साली त्याच सुरत जिल्ह्यात बारडोलीचा शेतसारा सरकारने सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. सत्याग्रह झाला, तो सर्वांना पाठ असतो. सत्याग्रहानंतर चौकशी बसली, तिच्याबद्दल कोण बोलतो? चौकशीला दोन गोरे अधिकारी होते, मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड. (१९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची सजा ठोठावणारे ते हेच ब्रूमफील्ड.) शेतकऱ्यांच्या बाजूने भुलाभाई देसाईंसारखा मुंबईचा नामांकित वकील उभा राहिला. पण गावोगावचे खंडाचे आकडे, शेतकऱ्याचा जमाखर्च, साक्षीपुरावे हे सगळे जमवत कोण बसले? तीच जुनी जोडी, महादेव आणि नरहरी! सरकारने ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ लादली ते नीट तपासलेच नव्हते, हे चौकशीत उघडे पडले. २२ टक्क्यांचे सुमारे ६ झाले. याला वकिली नाही तर काय म्हणायचे? सोडली ती फी, मित्रहो!

मी सरकारी कारकून, म्हणून मला हे जास्त झोंबते. न तपासलेला आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर कसा उतरतो आणि तिसऱ्यावर जाऊन 'रेकॉर्ड' कसा होतो, हे मी वीस वर्षे टेबलामागे बसून बघतो आहे. कधी कधी उतरवणारा हात माझाच असतो.

आपल्या गोव्यात मुंडकार कायदा १९७५चा. अजून कितीतरी मुंडकारांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. ती प्रकरणे कोण चालवतो? पर्वरीला हायकोर्टात उभा राहणारा नव्हे. बाजारात भाड्याची खोली, एक टेबल, टायपिंगला एक मुलगी, असा तालुक्याचा वकील. त्याला आपण काय म्हणतो? "प्रॅक्टिस चालत नाही बिचाऱ्याची, म्हणून मामलेदार कचेरीत फिरतो." लग्नाच्या बाजारातही त्याला भाव नाही. तारखा काढून पोट भरणारे त्यांच्यातही आहेत, मी ओळखतो त्यांना. पण मोठ्या वकिलाच्या हातात जाणारी फाइल कुणीतरी आधी खालीच बांधलेली असते, हे आपण सोयीस्कर विसरतो आणि व्यासपीठावरून लाथांचे पोवाडे गातो.

परवा असाच एक पन्नाशीचा वकील माझ्या खिडकीवर आला. कोटाची बाही उसवलेली, बरोबर एक म्हातारी. जुन्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल हवी होती. मी म्हटले, उद्या या. तो म्हणाला, "साहेब, हिला बस बदलून यावे लागते." मी मुकाट्याने उठलो, दप्तर काढले. नक्कल हातात पडल्यावर तो गेला नाही. खिडकीशीच उभा राहून बोट ठेवत ओळ न् ओळ वाचू लागला, आणि सातव्या ओळीवर थांबला. म्हातारीच्या नवऱ्याचे नाव चुकले होते. मूळ वहीत बरोबर होते. नक्कल मी केली होती.