सेफ डिपॉझिट

आमच्या बँकेच्या लॉकरमध्ये लोक काय ठेवतात, हे आम्ही विचारायचे नसते. दागिने असतील, घराचे कागद असतील. पण सकाळी सव्वाआठला आत टाकून दुपारी सव्वाचारला बाहेर काढायचा, असा जिवंत प्राणी कुणी ठेवल्याचे ऐकिवात नाही. तो विक्रम डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये माझ्या नावावर जमा आहे.

बंड्या घरी आला तेव्हा तीन महिन्यांचा होता. जात गावठी, गळा मात्र घराणेदार. आम्ही चपला घालायला लागलो की त्याचा आलाप सुरू व्हायचा, आणि दार लागले की तो द्रुत लयीत शिरायचा. शिवाय तो घरभर कुठेही 'उरकून' घेई. एकदा तर चिरंजीवांच्या कॉमर्सच्या जर्नलवर. (त्यातली आकडेमोड पाहता मला त्याचा फारसा राग आला नाही.) तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींचे पत्र आले: "कुत्र्याचा बंदोबस्त करावा, अन्यथा कुत्रा हलवावा." भुंकतो एवढ्यावरून सोसायटीला कुत्रा हाकलता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवून ठेवले आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

म्हणून पिंजरा आणला. दुकानदार त्याला 'क्रेट' म्हणाला. म्हटले, आमच्याकडे क्रेटमधून कोल्ड्रिंकच्या बाटल्या येतात. तो म्हणाला, "साहेब, ही त्याची गुहा. सकाळी आत घाला, कडी लावा. रडला तरी बघायचं नाही. चार दिवसांत गप्प होतो की नाही बघा!"

आणि चार दिवसांत बंड्या खरेच गप्प झाला. पाचव्या दिवशी सुट्टी होती म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरलो – सुट्टीची आठवण स्टेशनवर झाली, हा आमचा हुशारपणा. सौ. भाजीला गेल्या होत्या, जाताना सवयीने कडी लावून. दार उघडून पाहतो तो बंड्या ओल्या गादीवर, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. गजांवर घासून नाकाची कातडी गेलेली. मला पाहून त्याने शेपूट हलवली नाही. बूड उचलून फक्त थोडा बाजूला सरकला. मला जागा करून देत असावा.

गप्प झाला म्हणजे शिकला, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या काउंटरवर बसवणार आहे. तासभर रांगेत उभा राहून मुकाट झालेला खातेदार समाधानी झाला, असे फक्त आमचे मॅनेजर मानतात.

आणि हिशेब तरी बघा. पिल्लाला लघवी धरवते ती ढोबळमानाने जितके महिने वय तितके तास, फार तर वर एखादा. म्हणजे बंड्याची शिल्लक चार तास. आम्ही चेक फाडला आठ तासांचा. बी.कॉम. झालेल्या माणसाला यातली तूट दिसू नये? माझ्या कॅशमध्ये चार रुपये कमी आले तर संध्याकाळी मला घरी सोडत नाहीत. इथे चार तासांची तूट, आणि ती भरायची कुत्र्याने! वर कुणीतरी सांगणार, "त्याचं नाक त्यात घासा." अहो, दुपारची शिक्षा संध्याकाळी दिली तर त्याला एवढेच कळते की साहेब घरी आले की मारतात. मग तो पुढच्या वेळी सोफ्यामागे जातो.

पिंजरा वाईट नाही हो. कुत्रा आपल्या झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही, त्यावर सगळी विद्या उभी आहे. उभे राहता, वळता, पसरता येईल एवढाच तो हवा. मोठा घेतला की एका टोकाला बेडरूम आणि दुसऱ्या टोकाला संडास. दार उघडे ठेवून आत जेवू घालायचे. मग मिनिटभर लोटायचे, मग पाच मिनिटे, आपण समोर बसून. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर लगेच खाली न्यायचे, आणि तिथे उरकले की लगेच, तिथल्या तिथे, खाऊ. पण यात माणूस लागतो, आणि आम्हाला तर माणसाऐवजी कडी हवी असते! फिनलंड, स्वीडनमध्ये कुत्र्याला घरात असे कोंडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. प्रवास, आजारपण एवढ्यापुरती सवलत. आमच्याकडे मात्र 'ट्रेनिंग' म्हटले की कोंडणेसुद्धा सुशिक्षित होते.

शेवटी शेजारच्या आजींना किल्ली दिली. त्या सकाळी अकराला आणि दुपारी दोनला बंड्याला खाली नेतात. मोबदल्यात मी त्यांचे पेन्शनचे पासबुक भरून आणतो. पहिला महिना सौ. नी आणि मी आळीपाळीने रजा काढल्या. "कारण?" या रकान्यात मी 'घरगुती' लिहिले.

पिंजऱ्याचे दार चिरंजीवांनी पान्याने काढून माळ्यावर टाकले. बंड्या अजून आतच झोपतो, दुपारभर, पाय वर करून. सेक्रेटरींची पत्रे येतात, पण हल्ली ती माझ्या स्कूटरबद्दल असतात.