अम्मीची गोधडी

असल्फ्याच्या टेकडीवरची खोली सोडून इमारतीत जायचे ठरले आणि पहिला वाद झाला गोधड्यांवरून. मुले म्हणाली, "ब्लँकेट घेऊ." एका गोधडीत अम्मीच्या दोन सुती साड्या, अब्बांची लुंगी अन् आम्हा बहिणींचे ईदचे फ्रॉक आहेत. खोलीत पसरायला जागा नव्हती, म्हणून अम्मीने ती दुपारच्या वेळी गल्लीत बसून, कडेकडून आत धावदोरा घालत महिनाभर शिवली. (नायलॉन घालू नका, सुईखाली सरकते.) कर्नाटकात हल्याळकडच्या सिद्दी बायाही कडेपासूनच शिवतात, चारही कोपऱ्यांना कापडाची फुले लावतात, फुलांवाचून गोधडी उघडी मानतात. सामान बांधताना काचेची भांडी गुंडाळायला मुलांनी नेमकी तीच मागितली. आम्ही चादर दिली.