कप आला, पोरं गेली

टेनिस बॉलच्या स्पर्धा लागल्या की आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात तेच. पैसे देऊन बाहेरून चार-पाच प्लेअर आणायचे आणि वर्षभर ग्राउंडवर घाम गाळणाऱ्या आपल्या पोरांनी पाण्याच्या बाटल्या वाहायच्या. विचारलं तर उत्तर तयार, "भाऊ, कप तर आला ना!"

आला. पण पुढच्या वर्षी ते प्लेअर जास्त पैसे देणाऱ्याकडे जातील. मग खेळणार कोण? बसवून ठेवलेल्या पोरांनी तोवर बॅट सोडलेली असेल.

काही जण विदर्भाचं उदाहरण देतात. द्या, पण पूर्ण द्या. २०१७-१८ ला विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली. वसीम जाफर बाहेरचा होता, खरंय. पण फायनलला हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीनं, शतक ठोकलं अक्षय वाडकरनं. दोघंही घरचेच. म्हणून तर पुढच्या वर्षी कप पुन्हा तिथंच राहिला.

तर मंडळांनो, बाहेरचे दोनच घ्या. नऊ आपले, त्यातले दोन अठराच्या आतले. हरलात तरी वर्गणी देतो. भाड्याच्या कपाला मात्र एक रुपया नाही.